शेजारचं पाणी

“बंद ठेवा म्हणजे? विहीर आहे ती, पोरी. दुकान नाही. शनिवारी शटर ओढलं आणि सोमवारी वर केलं, असं नसतं.”

आर्लिस हॅडॉक माझ्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून हे म्हणाला. त्याच्यापुढे उभी असलेली मुलगी तेलकंपनीची इंजिनियर होती. मारिसोल नाव, ह्यूस्टनची. तिचे बूट इतके नवे होते की आमच्या लाल मातीनं त्यांची अजून दखलच घेतली नव्हती.

“फक्त आमचं काम चालू असेपर्यंत, सर,” ती म्हणाली. “तीनेक आठवडे.”

“आणि तीन आठवड्यांनी ती सुरूच झाली नाही तर? म्हातारी झालीय. माझ्यासारखीच. एकदा खुर्चीत बसली की उठताना धरायला कोणीतरी लागतं.”

“चालू ठेवलीत तर आमचं पाणी सरळ तुमच्या पंपात येईल. तुम्ही इतकी वर्षं तेल ओढून खालचा खडक रिकामा केलाय, दाब उरलेला नाही. आम्ही शेजारी खडक फोडायला जोरानं पाणी सोडलं की ते मोकळ्या जागेकडेच धावणार. विहीर बंद असली, वर चांगला व्हॉल्व असला, तर निदान वरून उडणार नाही.”

“म्हणजे मी दार लावून आत बसायचं आणि तुम्ही भिंत फोडून यायचं.”

ती म्हणाली, “हो सर. साधारण तसंच.”

मला ती आवडली ती तेव्हापासून. कंपनीची माणसं माझ्या दुकानात पुष्कळ येतात, पण ‘हो’ म्हणणारी कमी.

दुकान माझं आहे. मी लूडीन. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. पंपाचे पट्टे, पुल्या, व्हॉल्व, गळती थांबवायच्या दोऱ्या, हातमोजे. शिवाय शुक्रवारी माझ्या हातच्या कोलाची, जर्दाळूच्या आणि खसखशीच्या. पाव असतात ते, मधे मुरंबा भरलेले. ओक्लाहोमाच्या या भागात आम्ही चेक लोक तेल निघायच्या आधीपासून आहोत आणि तेल संपलं तरी कोलाची खात राहणार आहोत. काउंटरमागं बसून मला एक कळलंय. माणूस काय विकत घेतो त्यावरून त्याची विहीर कशी आहे ते समजतं, आणि नको असलेलं काय विकत घेतो त्यावरून तो स्वतः कसा आहे ते. ती मुलगी गेल्यावर आर्लिसनं हातमोज्यांचे दोन जोड घेतले. गेल्या आठवड्यातही त्यानं दोन घेतले होते. त्याला हात दोनच आहेत.

विहिरीचं नाव मोरावेक नंबर दोन. मोरावेक हे माझं माहेरचं नाव. विहिरींना इथं जमीनवाल्याचं नाव देतात. नंबर एकमधून माझ्या वडिलांना खारं पाणी आणि वकील याशिवाय काही मिळालं नाही. नंबर दोन मात्र गुणाची निघाली. कधी धो धो वाहिली नाही, पण कधी रुसलीही नाही. आर्लिस तिच्याकडे पंपवाला म्हणून लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. रोज सकाळी जायचं, घोड्यासारखी मान हलवणारा तो पंप ऐकायचा, वर-खाली होणाऱ्या दांड्याला उलटा हात लावून तो तापलाय का बघायचं, टाकीत फीत सोडून किती भरलं ते मोजायचं. त्याच्या मालकाचा धंदा बसला तेव्हा पेन्शन द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं ही विहीर आर्लिसच्या नावावर करून दिली. रोजची सात-आठ पिंपं. श्रीमंत होण्याएवढी नाहीत, पण आर्लिसला आणि त्याच्या बायकोला, वर्नीलला, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये एवढी.

यात एकच अडचण होती. विहीर आर्लिसची, पण जमिनीखालचं तेल आम्हा वारसांचं; विकलं की ठरलेला वाटा आम्हाला, बाकीचं त्याचं. विहीर तेल देत राहील तोवर त्याचा करार जिवंत. सलग दोन महिने तेल विकलं गेलं नाही, की करार संपला आणि सगळं आमच्याकडे परत. आम्ही वारस सहाजण. पाचजण डॅलसपासून ओरेगनपर्यंत विखुरलेत आणि त्यांनी कंपनीच्या कागदांवर सह्या करून ठेवल्यात: आर्लिसचा करार ज्या दिवशी संपेल त्या दिवसापासून जमीन कंपनीची. माझा डॅलसचा भाचा दर रविवारी फोन करतो. हवा कशी आहे विचारतो, माझे गुडघे कसे आहेत विचारतो, मग सहज विचारतो, “आर्लिसकाका बरे आहेत ना?” सख्ख्या आईची चौकशीही कुणी इतक्या काळजीनं केलेली मी ऐकली नाही.

मी सही केली नव्हती. तत्त्वबित्त्व काही नाही. पहिल्यांदा सही करणाऱ्याला भाव कमी मिळतो, एवढंच. कागद गल्ल्याखाली पडून होते.

आर्लिसनं शेवटी विहीर बंद केली. माझ्याकडून जाडजूड व्हॉल्व नेला, वर दाबाचा काटा बसवला आणि पंपाचा, म्हणजे आमच्या घोड्याचा, ब्रेक ओढला. वर्नील म्हणाली, “त्या दिवशी तो जेवला नाही. मी म्हटलं, अरे, कुणी मेलंय का? तर म्हणतो, आवाज येत नाहीये.” त्यांच्या स्वयंपाकघरातून त्या पंपाची कुरकुर ऐकू यायची. वर्नीलला इतकी वर्षं ती नको झाली होती. आता तिलाही झोप येईना.

आवाजाची कमी मात्र राहिली नाही. रस्त्यापलीकडे, अर्ध्या मैलावर, कंपनीनं पंपांचे ट्रक ओळीनं उभे केले होते आणि ते एकदम सुरू झाले. धान्याच्या कोठाराचे सगळे पंखे कुणीतरी आपल्या उशीखाली लावावेत तसा तो आवाज. माझ्या दुकानातल्या फळीवरचे नट-बोल्ट थरथरत काठाशी यायचे, आणि आर्लिस रोज येऊन ते मागं ढकलायचा.

“तुला काही घ्यायचंय का?” मी विचारायची.

“नाही. तुझे बोल्ट पडतील.”

“माझे बोल्ट मी बघते. तुझा काटा बघून ये जा.”

“आत्ताच बघून आलो. शून्यावर आहे.”

“मग चांगलंय की.”

“चांगलंय म्हणूनच तर भीती वाटते.”

पुढच्या शुक्रवारी मी कोलाचीचा डबा घेऊन त्याच्याबरोबर विहिरीवर गेले. दुपारची वेळ. वारा असा की डब्याचं झाकण हातात राहीना. आम्ही काट्यासमोर दोन उलट्या बादल्यांवर बसलो, जसं काही काटा बोलणार होता. आर्लिसनं खसखशीची कोलाची हातात घेतली आणि तशीच धरून बसला.

“खा ना. ती काही तपासायला दिली नाहीये.”

“लूडीन.”

काटा हलला होता. आधी मला वाटलं वाऱ्यानं. मग तो शून्याच्या रेघेवरून सुटला आणि सावकाश, अगदी न अडखळता वर चढायला लागला. अर्ध्या मैलावरचं पाणी दोन मैल खोल दगडातून वाट काढत आमच्या पायाखाली येऊन पोचलं होतं, आणि वर गवत तसंच डोलत होतं, गाई तशाच चरत होत्या. आर्लिस उभा राहिला. त्यानं टोपी काढली. का काढली ते त्याला विचारलं तर सांगता आलं नसतं.

“व्हॉल्व धरेल ना?” मी विचारलं.

“तूच विकलास. तू सांग.”

काटा चढत राहिला, लाल पट्ट्याच्या अलीकडे आला, तिथं थरथरला आणि थांबला. परत निघताना आर्लिसनं कोलाची खिशात ठेवली. वर्नीलला ती धुण्यात सापडली, आणि तिनं त्याबद्दल मला दोष दिला.

कंपनीचे ट्रक गेले. आर्लिसनं व्हॉल्व थोडासा उघडला. आधी पाणी आलं, खारट, साबणासारखं बुळबुळीत. मग तपकिरी झालं. मग तेल यायला लागलं. त्यानं टाकीत फीत सोडली, वर काढली, पुसली, परत सोडली. रोजच्या चौपट तेल होतं.

ही बातमी गावात आर्लिसच्या गाडीच्या आधी पोचली. कॅफेत त्याला कुणी कॉफीचे पैसे देऊ देईना. “काय आर्लिस, कंपनीनं पेन्शन चालू केली म्हणे!” “अरे, माझ्याही शेजारी फोडा म्हणावं दोन दगड!” आर्लिस हसत नव्हता, पण मिशी आवरताना त्याचे हात जरा जास्तच वेळ घेत होते. घरी जाऊन त्यानं वर्नीलला शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून दे म्हणून सांगितलं.

वर्नील म्हणाली, “पाइपात आहेत ते पैसे नाहीत. टाकीत आहेत तेही नाहीत. बँकेत आले की सांग.” आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर मुलांना बीन्स वाढायला गेली.

मारिसोल आली. आता तिचे बूट आमच्यासारखे झाले होते. आर्लिस दुकानातच होता.

“सर, एक विनंती आहे. सावकाश चालवा. नेहमीपेक्षाही कमी. हे तेल आमच्या पाण्यानं ढकललेलं आहे, त्याच्यामागून वाळू येईल. आम्ही खडकाच्या भेगा उघड्या राहाव्यात म्हणून पाण्यातून वाळू भरतो. तुमचा पंप जोरात ओढायला लागला तर ती सगळी तुमच्याकडे येईल.”

“किती दिवस सावकाश?”

“आमच्या नव्या विहिरी सुरू होईपर्यंत. पुढच्या महिन्यात सुरू होतील. मग दाब उतरेल आणि पाणी परत आमच्याकडे यायला लागेल.”

“पाणी,” आर्लिस म्हणाला. “आणि तेल?”

मारिसोलनं खरं तेच सांगितलं होतं, फक्त ते कुणाला सांगतोय हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. इथं जन्मलेल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं: जमिनीखाली तेलाला मालक नसतो. ज्याच्या पाइपातून वर आलं, त्याचं ते. कायदाच तसा आहे. शेजाऱ्याच्या शेताखालून वाहत आलं तरी तुमचं, आणि तुमच्या शेताखालून शेजाऱ्याकडे गेलं तर त्याचं. आमच्या आज्यांनी या कायद्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलंय.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच आर्लिस दारात उभा होता.

“मोटरसाठी पुली हवी. मोठी.”

“कशाला?”

“घोडा जरा पळवायचाय.”

“ती मुलगी काय म्हणाली?”

“ती कंपनीची आहे. तिच्या कंपनीनं विचारल्याशिवाय माझ्या विहिरीत हे ढकललं. आता म्हणतात हळू उपस. म्हणजे मी चमच्यानं प्यायचं, आणि पुढच्या महिन्यात ते येऊन अख्खा वाडगा उचलून नेणार.”

“आणि वाळू?”

“थोडी येईल. मी ऐकतोय ना रोज. आवाज बदलला की कळेल मला.”

“आर्लिस, जन्मभर तू सगळ्यांना सांगत आलास, म्हाताऱ्या विहिरीला पळवू नका म्हणून.”

“ते दुसऱ्यांच्या विहिरींबद्दल.”

मी पुली काढून दिली. दुकान आहे ते, चर्च नाही. आणि मनातल्या मनात मीही हिशेब केला होता आणि तो मला बरोबर वाटला होता. महिनाभर चौपट तेल म्हणजे आर्लिसच्या छपराचं काम होतं, कर्ज फिटतं, आणि वारसांच्या वाट्यातला माझा सहावा हिस्साही काही वाईट दिसत नव्हता. कधीतरी कंपनीकडून मिळण्यापेक्षा आर्लिसच्या पाइपातून मिळालेला काय वाईट?

घोडा पळायला लागला. रस्त्यावरून जाताना दिसायचा. एरवी तो पोट भरलेल्या म्हाताऱ्यासारखा मान डोलवायचा, आता कुणीतरी ओरडलेल्या पोरासारखा घाईघाईनं हो हो म्हणत होता. आर्लिस दिवसातून चारदा तिथं जायचा. दांड्याला हात लावायचा, फीत सोडायची, तेलाचे थेंब बोटांत चोळून बघायचे. आणि मग दुकानात येऊन तीच बोटं मला दाखवायची.

“खरखरीत वाटतं का तुला?”

“तुझी बोटं जन्मापासून खरखरीत आहेत.”

“नीट बघ ना.”

मी नीट बघायची. नाही वाटायचं. खरंच नाही वाटायचं. पहिला टँकर भरून गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी आर्लिसनं बायकोला नवं कपडे धुवायचं यंत्र आणलं. वर्नीलनं ते खोक्यातून बाहेर काढलं नाही. म्हणाली, परत करायचं झालं तर खोकं लागतं.

मग एका सकाळी मी बँकेतून परत येत होते, तर घोडा विचित्र डुलत होता. वर जाताना उसळत होता, खाली येताना आपटत होता, जणू जन्मभर ओढलेलं ओझं कुणी एकदम काढून घेतलंय. मी गाडी वळवली. आर्लिस आधीच पोचला होता. त्यानं ब्रेक ओढला होता आणि ब्रेकच्या दांडीवरचा हात काढला नव्हता.

“रॉड तुटला,” तो म्हणाला. “खाली पंप अडकला आणि वरून मी ओढत राहिलो.”

“आवाज बदलला नव्हता?”

“बदलला असेल.” तो घोड्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. “इतका जोरात चालला होता की मला कळला नाही.”

विहिरीच्या तळातला पंप आणि त्याला ओढणारा लांबच लांब रॉड वर काढायला क्रेनची गाडी लागते. आसपासच्या तिन्ही गाड्या कंपनीनं कित्येक महिन्यांसाठी ठरवून टाकल्या होत्या. आर्लिसनं सगळ्यांना फोन केले. नंतर मीही केले, मग वर्नीलनं शाळेच्या ऑफिसातून केले, तिथं पालकांपैकी एकजण गाडीवाला होता म्हणून. “पुढच्या आठवड्यात बघतो” असं सगळेच म्हणायचे. शेवटचा टँकर गेला त्या दिवसापासून करारातले दोन महिने सुरू झाले होते. ते मोजायला कॅलेंडर लागत नव्हतं. माझा भाचा आता रविवारी आणि बुधवारीही फोन करायला लागला होता.

गाडी आली तोवर निम्म्याहून जास्त मुदत गेली होती. पंप वर आला. माणसांनी तो जमिनीवर ताडपत्री पसरून उघडला, आणि त्यातून वाळू सांडली. पांढरी, बारीक, गोल दाण्यांची, साखरेसारखी. आमच्याकडे तसली वाळू नाही. आमच्या नदीतली तांबडी आणि ओबडधोबड असते. आर्लिसनं मूठभर उचलली आणि हाताच्या तळव्यावर पसरली.

मारिसोल कुंपणापाशी येऊन उभी होती. कुणीतरी तिला कळवलं होतं. ती आत आली, खाली बसली, चिमूटभर वाळू उचलून बघितली.

“ही आमची आहे, सर,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मी तसं लिहून देते.”

तिनं लिहून दिलंही. कंपनीच्या वकिलानं त्यावर उत्तर पाठवलं: वाळू आमची असेलही, पण पंप नेहमीपेक्षा बराच जोरात चालवला गेला होता, आणि तसं न करण्याबद्दल आमच्या इंजिनियरनं स्पष्ट सूचना दिली होती. आर्लिसनं ते वाचलं, मला वाचायला दिलं. मी म्हटलं, “खोटं आहे का यात काही?” तो म्हणाला, “नाही ना. तेच तर.”

त्यानं नवा पंप बसवला, उधारीवर, माझ्याकडूनच. जुनी पुली परत लावली. घोडा परत सावकाश डोलायला लागला, वर्नीलच्या स्वयंपाकघरात कुरकुर ऐकू यायला लागली आणि सगळं पहिल्यासारखं दिसायला लागलं. फक्त पाइपातून पाणी येत होतं. दिवसाला कितीतरी पिंपं पाणी, आणि त्यात मिसळलेलं, फेटून एकजीव झालेलं, केकच्या पिठासारखं दिसणारं थोडं तेल. ते सुटं होईना. आर्लिसनं ते तापवलं. औषधं घातली, माझ्या फळीवरचे सगळे डबे संपले. खाली बसलेलं पाणी दिवसभर काढत राहिला. रस्त्यापलीकडे कंपनीच्या नव्या विहिरी सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्या जळत्या गॅसचा जाळ संध्याकाळी आमच्या खिडकीतून दिसायचा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी टाकीत टँकरभर माल होता. एक टँकर विकला गेला तर करार पुढं दोन महिने जगणार होता, आणि दोन महिन्यांत विहीर कदाचित स्वच्छ होईल, असं आर्लिस म्हणत होता. वर्नीलनं सकाळी मला फोन केला. “मला शाळा चुकवता येत नाही. तू जा त्याच्याबरोबर. एकटा असला की तो सगळं ठीक आहे म्हणतो.”

टँकर घेऊन कॉय आला. कॉय बेट्स या विहिरीचं तेल कित्येक वर्षं नेतोय. त्याला आर्लिसच्या तेलाची इतकी सवय की त्यानं आल्या आल्या, माल तपासायच्या आधीच, टाकीतलं तेल कुणी परस्पर काढू नये म्हणून नळावर लावलेलं सील कापलं, ते खिशात टाकलं आणि मग शिडी चढला.

“काय लूडीनबाई, आज दुकान बंद? कोलाची आणल्यात का नुसत्याच आलात?”

“गाडीत आहेत. आधी काम कर.”

त्यानं नमुन्याची नळी टाकीच्या तळापर्यंत सोडली, वर काढली, काचेच्या दोन छोट्या नळ्या भरल्या आणि खाली येऊन त्या टँकरजवळच्या यंत्रात घालून गरगर फिरवल्या. यंत्र थांबलं. त्यानं एक नळी उजेडात धरली. वर तेल होतं. त्याखाली पाणी. रेघभर असतं तर माल चालला असता; हे चांगलं बोटभर होतं. आणि पार टोकाशी एक पांढरा ठिपका.

कॉयनं दुसरी नळी धरली. तीही तशीच.

“परत फिरव,” मी म्हटलं.

त्यानं परत फिरवल्या. नळ्यांना काही फरक पडला नाही.

कॉयनं टोपी मागं सरकवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, “आर्लिस, मी नळी फार खाली सोडली बहुतेक. जरा वरून काढली असती तर ठीक आलं असतं. वरचा थर चांगला आहे. परत काढू का?”

आर्लिसनं माझ्याकडे बघितलं. मी वारसांपैकी एक होते. हे खपलं तर माझ्या गल्ल्याखालचे कागद आणखी दोन महिने तिथंच पडून राहणार होते, आणि बाकीच्या पाच वारसांचे फोनही येत राहणार होते.

“माझ्याकडे काय बघतोस?” मी म्हटलं. “या वाऱ्यात माझ्या डोळ्यांत इतकी धूळ गेलीय की मला टँकर कुठाय ते दिसत नाही.”

कॉय शिडीकडे वळला होता. एक पाय वर ठेवलाही होता.

“कॉय,” आर्लिस म्हणाला. “तिकडे उतरवताना परत तपासतात.”

“तपासतात. तिथला माणूस ओळखीचा आहे.”

“तुझ्या ओळखीचा आहे. उद्या तोही अडकेल आणि तूही. तुझी मुलगी कॉलेजात आहे ना?”

“आर्लिस, एक टँकर आहे रे. एक.”

“मला माहितेय किती आहे.” आर्लिसनं त्याच्या हातातली काचेची नळी घेतली आणि बराच वेळ बघितली, जसा तो काटा बघायचा. मग परत दिली. “इथून माझं तेल कधी परत फिरलं नाही. पहिल्यांदा फिरतंय, तर जे आहे तेच लिही. चुकवून लिहिलेलं मला वाचवणार नाही.”

कॉय शिडीवरून उतरला. गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून त्यानं लिहिलं. वारा पान उलटत होता, म्हणून मी त्याचा कोपरा धरला. त्यानं काय लिहिलं ते मला दिसलं: पाणी जास्त, माल घेतला नाही. धूळ तितकीशी नव्हती.

“सही कर,” त्यानं आर्लिसला सांगितलं, आणि आर्लिसनं केली, नेहमीची, हॅडॉकच्या मोठ्ठ्या एचची.

मी कोलाचीचा डबा काढला. कॉयनं दोन घेतल्या, एक आर्लिसला दिली. आर्लिसनं ती उभ्या उभ्या सगळी खाल्ली. घोडा बाजूला सावकाश डोलत होता, पाणी वर आणत होता. वर्नील विचारणार होती, म्हणून मी मनात वाक्यं जुळवायला लागले, आणि भाचा विचारणार होता, त्याच्यासाठी मी काही जुळवलं नाही.

“निघतो मी,” कॉय म्हणाला, आणि टँकरच्या दारापर्यंत गेलाही.

“थांब जरा,” आर्लिस म्हणाला. “सील.”

“काय?”

“नळावरचं सील तू काढलंस. टाकी उघडी ठेवून जायचं नाही, असा तुमचाच नियम आहे.”

कॉयनं टँकरमधून नवं सील आणलं. आर्लिसनं नळाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि कॉयनं त्यातून तार ओवली, दाबली, सीलवरचा नंबर वाचून लिहून घेतला. मग आर्लिसनं वाकून ती तार एकदा ओढून बघितली, नीट बसलीय ना म्हणून.